सरकार दारात आलं तेव्हा

आमच्या घरात सरकार पहिल्यांदा आलं ते काखा तपासायला.

ही गोष्ट आजीला तिच्या सासूनं सांगितली होती आणि सासूला तिच्या सासऱ्यानं. हा सासरा म्हणजे माझा खापरपणजोबा. माण तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावातून मुंबईच्या गिरणीत गेलेल्या पहिल्या पिढीतला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मिळेल त्या वाटेनं गावाकडं पळाली. खापरपणजोबाही बोचकं बांधून निघाला. कल्याणला गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, रांगेत उभं केलं, हात वर करायला लावले. डॉक्टर एकेकाच्या काखेत आणि जांघेत बोटं घालून गाठ लागते का ते चाचपत होता. गाठ नव्हती म्हणून सुटका झाली. रहिमतपूरला उतरून तो पायी घरी आला. आजी हे सांगताना स्वतःचा हात वर करून दाखवायची. "हात वर करून हुबा ऱ्हायला, चोरावानी," म्हणायची, आणि तिथंच थांबायची. प्लेगात गावात किती माणसं गेली हे तिला कधी नीट सांगता आलं नाही. वर केलेला हात मात्र तीन पिढ्या टिकला.

त्याच वेळी साथरोगांचा कायदा झाला, १८९७चा. (१२३ वर्षांनी करोनात महाराष्ट्र सरकारनं बाहेर काढला तो हाच. आपल्याकडं काही कायद्यांना म्हातारपण येतच नाही.) पुण्यात घराघरांत गोरे सोजीर घुसले, देवघरापर्यंत बूट गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत, त्याच वर्षी, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या हेही शिकतो. पण या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत असल्यामुळं त्या शेजारी शेजारी ठेवून कुणी बघत नाही. त्यांच्या डॉक्टर झालेल्या मुलानं, यशवंतानं, हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. तिथं सावित्रीबाई रोग्यांना आणत होत्या, एकाला तर पाठीवर घेऊन आल्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. आजार एक, शहर एक. सरकारकडं पैसा होता, फौज होती, कायदा होता. माळावरच्या दवाखान्याकडं यातलं काहीच नव्हतं. पण तिथं कुणाला चोरासारखं हात वर करून उभं राहावं लागत नव्हतं.

आमच्या गावानं यावर आपला तोडगा काढला होता. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं. अख्खं गाव मोकळं करून रानात खोपटी घालून राहायचं. शास्त्रानं बघितलं तरी हा शहाणपणाच होता. लस घ्यायला मात्र लोक तयार नव्हते. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो पुसला जायला काही वर्षं गेली. आजीच्या सासूला मुलकोवाल कुठं आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. सुईनं माणूस मरतो, एवढं मात्र तिच्यापर्यंत पोचलं होतं. अशा बातम्यांना रेल्वे लागत नाही.

म्हणून देवी टोचणारा गावात आला की पोरं लपवायची, ही रीत. माझे वडील ज्वारीच्या कणगीत बसून राहिल्याचं सांगायचे. वर झाकण म्हणून सूप. आत धुळीनं शिंक आली, आणि शिंकेनं पकडून दिलं. दंडावरच्या दोन गोल खुणा त्यांनी आयुष्यभर मिरवल्या. आजीची आधीची दोन लेकरं देवीनं नेली होती. तरीही तिनंच वडलांना कणगीत घातलं होतं. "मग का गं लपवलंस?" असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यो इचारायचाच न्हाई. हात धरायचा." नंतरच्या दोघांना ती आपणहून घेऊन गेली, कारण नवा टोचणारा आधी ओट्यावर बसून पाणी मागायचा.

पुढं मी शाळेत जायला लागले तेव्हा भिंतींवर गेरूनं लिहिलेलं असायचं की देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. आम्ही पोरं खरंच रोगी शोधत हिंडायचो. हजार रुपयांत काय काय येईल याचे हिशेब झाले होते. कुणालाच रोगी सापडला नाही. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळलाच नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं. आज साठीच्या पुढच्या माणसाच्या दंडावर ती खूण आहे आणि त्याच्या नातवाच्या दंडावर नाही. सरकारी पैशानं काय होऊ शकतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. हे काम कुठल्याही खासगी दवाखान्यानं केलं नसतं. जो रोग उरणारच नाही, त्यात धंदा कसला?

पण यशही सरकारला सोसत नाही. हिवतापाचं तेच झालं. डीडीटी फवारणारे यायचे, चौकटीवर तारीख लिहून जायचे. ताप आलेल्याचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर देशातले रोगी लाखभरावर आले होते. काम झालं असं समजून हात सैल सोडला, डासही डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला.

आता नारूबद्दल सांगते, कारण चाळिशीच्या आतल्या वाचकांनी तो पाहिलेलाच नाही.

आजीच्या घोट्याजवळ एक आठ्या पडलेला व्रण होता. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की त्यातून नारूची बाळं पोटात जायची आणि वर्षभरानं, ऐन उन्हाळ्यात, पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो ओढून काढता येत नसे. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर जायबंदी. आग थांबावी म्हणून माणूस तोच पाय विहिरीच्या पायरीवर पाण्यात बुडवून बसायचा, आणि नारू तिथं हजारो पिल्लं सोडायचा. म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुखण्याची पेरणी. आजी दोन नारू काढून झाल्यावरही खुरपायला गेली होती. ती तक्रार करायची नाही, पण पावसाळ्याच्या तोंडावर, पेरणीच्या दिवसांत, घरातली दोन कर्ती माणसं पाय धरून बसलेली असली की त्या वर्षीचं पीक गेलं, हे ती पक्कं सांगायची.

नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती. नारू गेला तो पाण्यामुळं. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या म्हणून सरकारनं विंधनविहिरी खणल्या आणि गावात हापसा आला. सोलापुरात मिशनच्या मंडळींनी एक दणकट पंप बनवला होता. त्याच्यावर सुधारणा होऊन पुढं ‘इंडिया मार्क टू’ नावाचा हापसा देशभर गेला, परदेशातही गेला. गावातला हापसा वर्षातून दोनदा मोडायचा, दुरुस्तीला पंचायत समितीचा माणूस यायला पंधरवडा लागायचा, आणि तेवढे दिवस बायका पुन्हा विहिरीवर. हे सगळं खरं. पण पाणी कापडानं गाळा, विहिरीच्या पायऱ्या बुजवा, पाण्यात औषध टाका, हे सांगत कर्मचारी हिंडत राहिले. १९९६ साली राजस्थानात देशातला शेवटचा रोगी सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. गंमत म्हणजे आजीच्या पायाची ही गोष्ट आरोग्य खात्याच्या कुठल्याही फलकावर कधी दिसली नाही. हापशाचं उद्घाटन करायला पुढारी आले होते. नारू गेला त्याचं उद्घाटन कोण करणार?

त्याच बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या घरच्या बायका पहिल्यांदा सरकारच्या हजेरीपटावर लागल्या. आई, चुलती आणि साठीला आलेली आजी. रस्त्याचं काम होतं. खडी फोडायची, पाट्या टाकायच्या. मला आठवते ती सुकडी. कामावर पोरांना मिळायची, गोडसर, हातात धरली की भुगा व्हायचा. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेची लाल ज्वारी. आजी तिची भाकरी थापताना तिला जनावराचं खाणं म्हणायची, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर तीच भाकरी स्वतः मुकाट्यानं खायची. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढा मोठा दुष्काळ, आणि तरी शतकाआधीच्या दुष्काळांसारखी माणसं रस्त्याकडेला भुकेनं मेली नाहीत. हे आपोआप झालं नाही.

वि. स. पागे हे कामाच्या हमीमागचं नाव. विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्याचे. तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी १९६९ मध्ये हा प्रयोग करून पाहिला होता: जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे. १९७७ साली त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या मागं हाच अनुभव होता. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. आजीला कामावर जाताना कसलाही दाखला लागला नाही. उत्पन्नाचा नाही, जातीचा नाही, निराधार असल्याचा नाही. भर उन्हात खडी फोडायला बसते, हाच तिच्या गरजेचा पुरावा होता. ज्याला गरज नाही तो तिथं बसणारच नव्हता.

पुरावा होता, पण हजेरीपट मुकादमाच्या हातात होता. गावातला एक म्हातारा वारल्यावरही दोन आठवडे कामावर येत होता, पटावर. माप घेताना खडीचा ढीग दरवेळी थोडा लहान निघायचा. आजी आकडे शिकली नव्हती, पण किती पाट्या टाकल्या त्याचे खडे ती पदरात बांधून ठेवायची आणि आठवड्याच्या शेवटी मुकादमापुढं मोजून ओतायची. तो तिला वचकून असायचा. जिला खडे ठेवायचं सुचलं नाही तिचं काय होत होतं, ते सांगायला नको. तो रस्ता दोन पावसाळ्यांत वाहून गेला. त्याच कामातला पाझर तलाव मात्र अजून आहे आणि त्याच्या खालच्या विहिरींना अजून पाणी आहे.

पुढं रोजगार हमीच्या कामांना पैसा कुठून आला? १९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं भरायचा आणि त्यातून गावातल्या बाईला मजुरी द्यायची. माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला त्याचे २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. कचेरीतल्या तरुण मुलांना तो कशासाठी आहे हे माहीत नसतं, ती चिडतात. मी चिडत नाही. सुकडी खाल्लेली आहे.

घरातला दुसरा हात मुंबईत होता. आबा, म्हणजे आजोबा, परळच्या गिरणीत साच्यावर. कामगार राज्य विमा योजनेचा कायदा १९४८चा; मुंबईच्या गिरण्यांत ती लागू झाली तेव्हा आबा चाळिशी ओलांडलेले होते. पगारातून वर्गणी जायची, मालकही भरायचा, आणि त्या बदल्यात चाळीजवळचा पॅनेल डॉक्टर, दवाखाना, आजारपणात पगाराचा काही भाग. गिरणीतली कापसाची धूळ आबांच्या छातीत बसली होती. पुढं क्षय निघाला. त्यांना महिनोन्‌महिने सुया मिळाल्या, औषध मिळालं, खाटेवर असताना घरी मनीऑर्डर येत राहिली. आजी त्या मनीऑर्डरबद्दल बोलताना ‘सरकारनं दिलं’ असं कधी म्हणाली नाही, ‘ह्यांच्या इम्याचं’ म्हणायची. स्वतःच्या वर्गणीचं ते होतं, त्यामुळं तिला कुणापुढं मान खाली घालावी लागली नाही.

त्याच पॅनेल डॉक्टरकडं गावच्या जत्रेच्या आधी पोटदुखीची साथ यायची. सगळ्या खोल्यांतले गडी एकाच आठवड्यात आजारी, एकाच गाडीनं गावाला. डॉक्टर दाखले लिहून द्यायचा. आबा हसून सांगायचे. मालक आणि सरकार यातून काय ते समजले: योजनेत लबाडी चालते. आबांच्या लेखी लबाडी म्हणजे वर्षभर तीन पाळ्यांत साचा चालवून चार दिवस जत्रेला न सोडणं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्यामुळंच कुणी फुकटेपणावर व्याख्यान द्यायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते.

आबांच्या जागी काका बदली म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले हजारो परत आत गेलेच नाहीत. काम गेलं की वर्गणी थांबते. वर्गणी थांबली की काही काळानं हक्कही संपतो. काकांचा दम वाढला तो नेमका त्यानंतर. वीस वर्षं धूळ गिळली ती कामावर असताना, खोकला आला तो काम गेल्यावर. विम्याचं कार्ड त्यांनी शेवटपर्यंत ट्रंकेत जपून ठेवलं होतं, उपयोग काही नसताना. मग मात्र त्यांना पालिकेच्या रुग्णालयानं सांभाळलं. केईएम १९२६ पासून परळला उभं आहे. तिथं कुणी तुमची गिरणी विचारत नाही. एका खाटेवर काका आणि खाली सतरंजीवर दुसरा रोगी, औषधाची चिठ्ठी बाहेरून आणायला हातात, रांग सकाळी सहापासून. पण हिंदुस्थानातल्या कुठल्याही जिल्ह्यातून आलेल्या माणसाला तिथं तपासतात. कामाशी बांधलेल्या विम्याला काका पारखे झाले, करातून चाललेल्या रुग्णालयाला झाले नाहीत.

आणीबाणीबद्दल वडील फार बोलायचे नाहीत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७६ मध्ये मास्तरांना नसबंदीच्या केसेस ठरवून दिल्या होत्या. नाही आणल्या तर पगार अडायचा. त्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली आणि उरलेला कोटा भरायला आपल्या एका चुलत्याला नेलं. वय पासष्ट, लग्न कधी झालंच नाही. पुढं हे दोघं त्यावरून खूप हसायचे. आजी हसायची नाही. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. आमच्या आळीतले गडी मात्र जीप दिसली की रानात झोपायला जायचे, अगदी प्लेगातल्यासारखे. पुढं कितीतरी दिवस सरकारी दवाखान्याची गाडी म्हटलं की पुरुष पांगायचे. दवाखान्याला आकडा दिला की त्याला माणूस दिसेनासा होतो, हे प्लेगातही खरं होतं आणि नसबंदीतही.

देशाची आरोग्यसेवा कशी असावी हे सांगायला नेमलेल्या भोर समितीनं १९४६ मध्ये लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत. दहा ते वीस हजार लोकांमागं ७५ खाटांचं केंद्र असावं, असं तिचं दूरचं स्वप्न होतं. आज सपाटीवर ३० हजार माणसांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलेलं असतं आणि त्यात सहा खाटा असतात. तरी या केंद्रांना नावं ठेवणाऱ्यांनी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम बघावं. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी केंद्रात नोकरीला असताना विंचवानं मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या, प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध उपयोगी पडतं हे दाखवलं, आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. विंचू गरिबालाच चावतो. त्यावर संशोधन कुठल्या कंपनीनं केलं असतं? आमच्या माणात विंचवाला कमी नाही, आणि सापाच्या विषावरचं औषध आजही मिळतं ते सरकारी दवाखान्यातच. आणि नर्सबाई. आईची शेवटची दोन बाळंतपणं तिनं केली, ओढ्याला पाणी असताना नेसूचं वर खोचून येत होती. १९१८च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, ज्या गावानं बाळंतिणी ओळीनं पोचवल्या, त्याच गावात गेल्या वीस वर्षांत एकही बाळंतीण दगावलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या छातीत कळ आली. केंद्रावर नेलं तर डॉक्टर जागेवर नव्हते; होत्या त्या सिस्टरनी एक गोळी जिभेखाली ठेवली आणि म्हणाल्या, "पुढं न्या." पुढं म्हणजे शहरातलं खासगी रुग्णालय. तिथं पहिला प्रश्न, योजनेत बसतंय का. बसलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शिरेत स्टेंट पडला, लाख-दीड लाखाचं काम एका रेशनकार्डावर झालं. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावानं सुरू झालेली ही योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आणि पाच लाखांपर्यंत लागू आहे. भाऊ जिवंत आहे. त्यामुळं या योजनेला नावं ठेवताना माझी जीभ अडखळते. पण ठेवते. कारण त्याच्या रक्तदाबाची गोळी, जी पैशांत मोजावी इतकी स्वस्त असते, आमच्या केंद्रात कित्येक महिने आलेली नव्हती. गोळीअभावी पडलेल्या माणसाला उचलायला सरकारनं लाख रुपये मोजले, आणि तेही दुसऱ्याच्या गल्ल्यात. रोजची गोळी योजनेत बसत नाही.

औषध का नव्हतं? २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी हाफकिनच्या नावाच्या सरकारी कंपनीकडं दिली, तिथं ती अडकत राहिली, आणि २०२३ मध्ये नवं प्राधिकरण करायचा कायदा झाला. ज्यानं स्वतःच्या अंगात सुई खुपसून घेतली त्या माणसाचं नाव असं निविदांत अडकावं, याला काय म्हणावं! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात बालकं. त्याआधी दीडच महिना, १५ ऑगस्टपासून, आरोग्य खात्याच्या सगळ्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले होते. केसपेपर फुकट करायला एक आदेश पुरतो. रात्रपाळीला सिस्टर ठेवायला माणसं भरावी लागतात, दर महिन्याला पगार द्यावा लागतो. देशाच्या २०१७च्या धोरणानं सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं म्हटलं होतं. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या ऐन खर्चातही, तो १.८४ टक्के होता. मात्र उपचारांसाठी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधल्या ६४ टक्क्यांवरून ३९ पर्यंत उतरला, हेही त्याच हिशेबातलं. सगळं वाईटच चाललंय असं नाही.

शेवटची गोष्ट आत्याची, कारण ती अजून चालू आहे. ती विधवा, मूलबाळ नाही. संजय गांधी निराधार योजनेतून तिला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात शेळीसुद्धा जगत नाही. तेव्हा तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं एक खोटं आत्याला दरवेळी कागदावर लिहून द्यावं लागतं. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. बाई समोर उभी असते, आणि ती जिवंत असल्याचा कागद तिच्याकडंच मागतात. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तीही १,५०० रुपयांची; तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. निराधार बाईनं २१ हजारांची शपथ घ्यायची आणि तेवढेच पैसे घेणाऱ्या बाकीच्यांनी अडीच लाखांची. निवडणूक जवळ असली की छाननी हलकी होते आणि ती झाली की पुन्हा कडक होते, एवढंच यातून कळतं. ज्या घरात आजीला खडीच्या ढिगावर बसायला कसलाच कागद लागला नव्हता, त्याच घरात तिची लेक फायलीतून जगते आहे.

देवीची लस सगळ्यांना होती, हापसा सगळ्यांचा होता, फवारणी सवर्णाच्या वाड्यात आणि मांगवाड्यात सारखीच झाली. आमच्या घरात सरकारनं जे खरंच बदललं ते अशा न निवडता दिलेल्या गोष्टींनी. जिथं जिथं पात्र-अपात्र चाळायला बसलं किंवा आकडा भरायला निघालं, तिथं लबाडी, लाच आणि अपमान आला. फुकट मिळालं म्हणून आमच्या घरात तरी कुणी आळशी झालेलं नाही. दवाखाना बंद पडायचा तो डॉक्टर नसला म्हणून, रोगी जास्त आले म्हणून नाही.

तुमच्याही पगारातून व्यवसाय कर जात असेल. तो भरता म्हणून तुम्हाला विचारायचा हक्क आहे, आणि भरत नसाल तरी आहे. पुढच्या ग्रामसभेत, शहरात असाल तर प्रभागाच्या कचेरीत, एवढं तरी विचारा: आपल्या केंद्रात डॉक्टरांची आणि नर्सची पदं किती, त्यांतली भरलेली किती, आणि रक्तदाबाची गोळी आज कपाटात आहे का. उत्तर लेखी मागा.